विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे : महाबळेश्वरच्या वनात

आज ‘विहार’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वंदनेचे स्थान उभे राहते. परंतु सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखातील ‘विहारयात्रा’ म्हणजे पूर्वीच्या राजांची करमणुकीची भ्रमंती होय; तीत मृगया प्रमुख असे. या लेखाचा एक खंड पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपारा येथे मिळाला. महाराष्ट्राच्या भूमीलाही ही धर्माज्ञा ठाऊक होती, हे त्यावरून सिद्ध होते.

राज्याभिषेकास दहा वर्षे झाली असता अशोक बोधगयेस गेला आणि विहारयात्रेची जागा धम्मयात्रेने घेतली. श्रमण-ब्राह्मणांचे व वृद्धांचे दर्शन, दान, जनपदातील लोकांची भेट आणि धम्मचर्चा हे तिचे स्वरूप होते. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, अशोकाने आनंद वर्ज्य केला नाही. उलट अशा यात्रेत अधिक आनंद आहे, असे तो सांगतो. पुढे पाचव्या स्तंभलेखात त्याने पोपट, मैना, वटवाघूळ आदी प्राण्यांना अभय दिले आणि निष्कारण वने जाळू नयेत असे फर्माविले.

महाबळेश्वरचा आधुनिक इतिहास मात्र विहारयात्रेचाच आहे. गव्हर्नर माल्कम आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, येथे गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी थंड हवेचे ठाणे वसले. शिकार हा त्यांच्या विरंगुळ्याचा एक भाग होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक थांबली आणि २००१ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला.

तरीही जांभूळ-हिरड्याच्या या रानात शेकरू पाहताना आम्हांस वाटते की, मृगया पुरती संपलेली नाही. आपल्या राज्याचा हा मानचिन्ह प्राणी शेंड्यांवरूनच वावरतो, जमिनीवर क्वचित उतरतो. फांद्यांची सलगता तुटली की त्याची वाट तुटते. पर्यटकांच्या सोयीसाठी पडणारे प्रत्येक झाड त्याच्या मुळावर येते.

दुसरी गोष्ट जनपदाची. दक्षिणेस कोयनेच्या खोऱ्यात आधी धरण झाले, १९८५ साली अभयारण्य झाले. त्यापायी कित्येक गावांना उठावे लागले. तेराव्या शिलालेखात खुद्द अशोकानेही अटवीतील लोकांना तंबी दिलेली आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लपवू नये. वनाचे रक्षण करताना वनातल्या माणसाचा विसर पडणे ही जुनी उणीव आहे.

आपल्या विहारांतूनही सहली निघतात. त्या अवश्य निघाव्यात. शेकरू दिसला तर मुलांनी थांबून, आवाज न करता तो पाहावा. त्याला खाऊ टाकू नये. आणि परतण्यापूर्वी त्या रानाजवळच्या गावात बसून तेथील वृद्धांना चार प्रश्न विचारावेत. अशोकाने ज्याला अधिक आनंद म्हटले, तो आम्हांस येथे दिसतो.