क्रिप्टोलिमस ढालकिडा

क्रिप्टोलिमस (शास्त्रीय नाव: क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी) हा कॉक्सिनेलिडी कुळातील एक परभक्षी ढालकिडा होय. फळबागा, शोभेची झाडे आणि हरितगृहे यांतील पिठ्या ढेकूण या किडीच्या जैविक नियंत्रणासाठी त्याचा जगभर उपयोग केला जातो. तो मूळचा पूर्व ऑस्ट्रेलियातील असून फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ म्युल्सां यांनी १८५३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

भक्ष्य

पिठ्या ढेकूण हा झाडाचा रस शोषून घेणारा मऊ अंगाचा कीटक आहे. त्याच्या शरीरावर पिठासारखे मेणचट आवरण असते. जास्वंद, पेरू, सीताफळ, लिंबूवर्गीय झाडे, द्राक्षवेल आणि कुंड्यांतील शोभेची झाडे यांवर तो पांढऱ्या पुंजक्यांच्या रूपात आढळतो. त्याने बाहेर टाकलेल्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते व पाने काजळल्यासारखी दिसतात. त्याच द्रवासाठी मुंग्याही झाडावर येतात. मेणाच्या आवरणामुळे फवारलेले औषध त्याच्या अंगाला नीट लागत नाही. शिवाय तो सालीखाली व पानांच्या बेचक्यांत दडून राहतो. ज्या जागी फवारा पोहोचत नाही तेथे हा ढालकिडा स्वतः शिरतो, हे त्याचे खरे महत्त्व.

वर्णन व जीवनक्रम

प्रौढ भुंगेरा सुमारे ३ ते ४ मिलिमीटर लांब असतो. त्याचे पंख गडद तपकिरी वा काळपट असतात. डोके, वक्षाचा पुढील भाग आणि पंखांची टोके नारिंगी असतात. नराच्या पायांची पहिली जोडी पिवळसर तपकिरी, तर मादीची काळसर असते. मादी पिठ्या ढेकणांच्या कापसासारख्या अंडीपुंजांत आपली अंडी घालते. त्यामुळे बाहेर पडलेल्या अळीला भक्ष्य शोधत हिंडावे लागत नाही. अळी व प्रौढ दोघेही मांसाहारी आहेत. एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत पिठ्या ढेकणांची दोनशेहून अधिक पिल्ले खाऊ शकते. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण एका महिन्यात पूर्ण होतो.

ओळखण्यातील घोटाळा

या कीटकाची अळी दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी असते. तिच्या अंगावर मेणाचे लांब पांढरे तंतू असतात. या वेषामुळे, पिठ्या ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्याही तिला सहसा हटकत नाहीत. मुंग्यांप्रमाणे माणसेही फसतात, आणि तेथे मात्र अळीचा घात होतो. कीड वाढली असे समजून बागेतील अळ्या चिरडल्या जातात किंवा त्यांच्यावर औषध फवारले जाते.

ओळखीच्या खुणा साध्या आहेत. पिठ्या ढेकणाची मादी बहुधा ३ ते ४ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पूर्ण वाढलेली अळी सुमारे १३ मिलिमीटरपर्यंत पोहोचते. अळीच्या अंगावरील तंतू अधिक लांब व विस्कटलेले असतात. काडीने हळूच डिवचल्यास ढेकूण जागीच राहतो किंवा संथपणे सरकतो, तर अळी चटकन चालू लागते.

प्रसार

कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांसाठी आल्बर्ट कोबेले यांनी १८९१-९२ मध्ये हा कीटक ऑस्ट्रेलियातून नेला. त्याआधी १८८८-८९ मध्ये त्यांनीच नेलेल्या रोडोलिया या दुसऱ्या ढालकिड्याने तेथील बागा एका खवले किडीपासून वाचविल्या होत्या. क्रिप्टोलिमस मात्र थंडीत तग धरीना. म्हणून बटाट्याच्या कोंबांवर पिठ्या ढेकूण वाढवून, त्यांच्यावर हे भुंगेरे पोसून दरवर्षी बागेत सोडण्याची पद्धत तेथे रूढ झाली.

भारतात तो १८९८ मध्ये कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आणला गेला. त्या किडीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण तो दक्षिण भारतात टिकून राहिला आणि पुढे पिठ्या ढेकणांवर उपयोगी ठरला. येथे बटाट्याऐवजी लाल भोपळा वापरतात. खोल खाचा असलेला भोपळा निवडून त्यावर पिठ्या ढेकणांची पिल्ले सोडतात आणि त्यांची वाढ झाल्यावर भोपळा पिंजऱ्यात ठेवून भुंगेरे सोडतात. १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा येथे जास्वंदीवरील गुलाबी पिठ्या ढेकणाचा उपद्रव आढळला व तो शेजारच्या बेटांवर पसरला. तेथील मोहिमेसाठी हे भुंगेरे भारतातून पाठविले गेले. हाच गुलाबी पिठ्या ढेकूण नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील द्राक्षबागांतही त्रासदायक ठरतो.

वापर व मर्यादा

भुंगेरे सकाळी लवकर वा संध्याकाळी, कीड दाट असलेल्या फांद्यांवर सोडतात. तत्पूर्वी मुंग्यांचा बंदोबस्त करणे आवश्यक असते, कारण अळीला मेणाचे कवच असले तरी प्रौढाला मुंग्या पिटाळून लावतात. द्राक्षवेलींची सैल साल काढल्यास दडलेली कीड उघडी पडते. सुमारे १६ अंश सेल्सियसखाली भुंगेरे मंदावतात. थंड प्रदेशात त्यांचा उपयोग मुख्यतः उबदार हरितगृहांत होतो, तो यामुळेच. तेथेही झरोके उघडे असल्यास ते उडून जातात.

कीड विरळ असताना हा कीटक टिकत नाही. काही जातींचे पिठ्या ढेकूण अंडीपुंज न करता थेट पिल्लांना जन्म देतात. त्यांच्यावर त्याची वीण नीट होत नाही. लिंबूवर्गीय झाडांवरील विरळ किडीसाठी लेप्टोमॅस्टिक्स ही परोपजीवी गांधीलमाशी अधिक योग्य ठरते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांनी भुंगेरे मरतात. वाढरोधक औषधांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण काही ढालकिड्यांत अशा औषधांनी प्रौढ मरत नाहीत, परंतु पुढची पिढी निपजत नाही.

क्रिप्टोलिमसला मित्रकीटक व शत्रुकीटक हा माणसाने केलेला भेद ठाऊक नाही. दक्षिण आफ्रिकेत माजलेल्या फड्या निवडुंगाचा नाश करण्यासाठी कोचिनियल कीटक सोडण्यात आले होते. तेथे पिठ्या ढेकणांसाठी आधीच आणलेल्या क्रिप्टोलिमसने या कोचिनियल कीटकांवरही ताव मारला. शेवटी काही ठिकाणी निवडुंगाचे निर्मूलन साधण्यासाठी डीडीटी फवारून या ढालकिड्यालाच मारावे लागले.