मेणवलीच्या वाड्यात शिरताना

डोकं वाकवा. उंबरा उंच आहे आणि चौकट बुटकी. मे महिन्याची सुट्टी, बाहेर रणरणतं ऊन, गाडीत खिडकीच्या जागेवरून भांडून दमलेली मुलं आणि गुडघ्यावर हात ठेवत चालणारी आई, असा तुमचा लवाजमा नाना फडणविसांच्या वाड्यात शिरतोय. आईचं बालपण इथून तीन किलोमीटरवर, वाईत गेलं. संध्याकाळी तिकडे जायचंच आहे. त्याआधी हा आतला उंबरा ओलांडा. मोबाइल खिशात टाका म्हटलं असतं, पण पलीकडे खिसाच नाही.

आलात? शर्ट गेला, उपरणं आलं. पाय अनवाणी, आणि शेणानं सारवलेली जमीन तळव्यांना गार लागतेय. साल विचारलंत तर शके 1712 सांगतील. तुमच्या हिशेबानं 1790. पहाट आहे. आधी नाकाला कळतं: घोड्यांची लीद, ओली वैरण, रात्रभर जळलेलं तेल आणि मागच्या बाजूनं येणारा गोवऱ्यांचा धूर. मग कान जागे होतात. एक जातं घरघरतंय, त्यात दुसऱ्याची घरघर मिसळते, आणखी आत उखळात मुसळ पडतंय आणि त्याचे धक्के जमिनीतून थेट तुमच्या टाचांत येताहेत. चहा मागू नका. तो अजून या मुलखात आलेला नाही.

वाडा सहा चौकांचा. चौकात करडा उजेड, सोप्यात मिट्ट काळोख, पुन्हा चौक. भिंतीला हात लावत चला. बोटं कोनाड्यात जातील आणि काळी होऊन बाहेर येतील. किती दिव्यांची काजळी ती, तेलात मुरून चिकट झालेली. उपरण्याला पुसलीत तर जन्मात निघणार नाही.

वाडा बघायला येणारे भिंतींवरची चित्रं बघतात, नानांचा पलंग बघतात. बघावीच अशी चित्रं आहेत. पण नाना बहुतेक वेळ पुण्यात असतात आणि वाडा रोज चालतो तो पाण्यावर आणि जळणावर. तेव्हा कोपऱ्यातली ती तांब्याची घागर उचला आणि मागच्या दारानं घाटावर उतरा.

कृष्णा इथे वळण घेते आणि काळ्या दगडाच्या पायऱ्या तिच्याबरोबर वळतात. अजून धोमचं धरण नाही. पाणी आपल्या मर्जीनं वाहतंय. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कुणी अर्घ्य देतंय, कुणी धुणं आपटतंय, खालच्या अंगाला घोडे पाण्यात घातलेत आणि त्यांच्या फुरफुरण्यानं पोरं खिदळताहेत. वर घंटा वाजते. भली दांडगी पंचधातूची घंटा, चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिकडून आलेली. पोर्तुगीजांनी ओतलेली, अंगावर 1707 साल आणि मेरीमातेची मूर्ती. आता ती मेणवलेश्वराच्या दारात घणघणते आणि तो नाद तुमच्या बरगड्यांत शिरतो.

भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढा. अर्ध्या वाटेतच खांदा भरून येतो, पाणी हिंदकळून पाठीवरून ओघळतं, ऊन चढायला लागलेलं असतं. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचता पोचता आतून आवाज येतो, “लांब! सोवळ्यात आहे मी!” तुमचं पाणी तिथे चालणार नाही. जळण फोडणारा गडी तर परसदारीच थांबलाय; त्याच्या कुऱ्हाडीनं फोडलेलं लाकूड आत जातं, तो जात नाही.

दारातूनच बघा. धुरानं डोळे चुरचुरतील. चुलीवर भाताचं भलं मोठं पातेलं रटरटतंय, कुणी नारळ खवतंय, कुणी तूप कढवतंय आणि तो खमंग वास पोटात खड्डा पाडतोय. कोपऱ्यात लाल आलवणातली, केशवपन केलेली एक मुलगी तांदूळ निवडतेय. तुमच्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. ती मान वर करत नाही.

पलीकडच्या सोप्यात कारकून बसलेत. मांडीवर कागद, हातात बोरू, काजळाच्या शाईचा कडवट वास. मोडी अक्षरं न थांबता पळताहेत. तेल किती आलं, दाणागोटा किती गेला, कुणाला काय दिलं, सगळं लिहून रुमालात बांधलं जातंय. पुढे या वाड्यात सापडलेले कागद अभ्यासक ‘मेणवली दफ्तर’ म्हणून डोळ्यांत तेल घालून वाचणार आहेत. मला त्या कागदांचं मोल ठाऊक आहे. तरी त्या सोप्यात उभं राहिलं की मन तांदूळ निवडणाऱ्या मुलीकडेच जातं. निवडलेले तांदूळ हिशेबात येतील. ती कशी येणार?

तेवढ्यात मागून आईचा आवाज येतो. “आमच्याकडे आत्या होती. अशीच, लाल आलवणात.”

आईचा हात धरा आणि डोळे मिटा. उघडाल तेव्हा तो हात लहान झालेला असेल. आई आठ वर्षांची आहे, दोन घट्ट वेण्या, परकराचा घोळ वर खोचलेला, आणि वाईच्या मधल्या आळीतून ती तुम्हाला ओढत नेतेय. माघातले दिवस. हवेत शिजलेल्या हळदीचा उग्र, मातकट वास; तो घशात बसतो, कपड्यांत बसतो. कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे, घाटावर मांडव पडलाय, ढोल्या गणपतीपाशी पाय ठेवायला जागा नाही.

“इकडून!” आई वाड्याच्या दारात शिरते. अंगण सारवलेलं, कोनाडा काजळीनं काळा, आत चूल धुमसतेय. तुम्ही ओळखलंत हे घर. विजेचा एक दिवा लोंबतोय, बाकी फार थोडं बदललंय. आत्या दाराकडे पाठ करून पुरण वाटतेय. आई नेमकी चौकटीपाशी थांबते. किती अंतरावर थांबायचं हे तिच्या पायांना पाठ आहे. “शिवू नकोस गं,” आत्या मागे न बघता म्हणते, आणि वाटीभर गूळ जमिनीवरून तिच्याकडे सरकवते. गूळ तोंडात कोंबून आई तुम्हाला आत्याबद्दल सांगायला लागते: तिला पोहता येतं, पूर आला की पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढणार ते ती आधीच सांगते, रात्री गोष्ट सांगताना राक्षसाचा आवाज काढते. ती भराभर बोलतेय, अर्धे शब्द गुळात अडकताहेत. ऐका नीट. मुलांनाही जवळ बोलवा, त्यांचे प्रश्न आता सुरू होतील.