पडवीमागच्या तीन खोल्या

धाटावच्या घराचं काय करायचं, हा आमच्याकडे दर मे महिन्यातला विषय. काकांचं म्हणणं सरळ: "पाडा सगळं आणि स्लॅब टाका. किती वर्षं कौलं परतत बसणार?" चुलतभावाला जुनं घर 'होतं तसं' हवंय, म्हणजे मागच्या तीन खोल्या पाडायच्या. मी विचारलं, होतं तसं म्हणजे नक्की कधीचं? तेव्हापासून दोघंही माझ्यावर नाराज आहेत. असो.

ओटी, माजघर, स्वयंपाकघर हा मूळ भाग. दगडी जोतं, सागाचे खांब, मातीच्या भिंती. पण वरची मंगलोरी कौलं मूळची नाहीत. आधी कुंभाराची नळीची कौलं होती, त्यातली काही अजून माळ्यावर आहेत. मंगलोरला बाझल मिशनच्या प्लेब्स्टने कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. एकमेकांत अडकणारी ही कौलं समुद्रमार्गे मुंबई-कोकणात पोचली आणि हळूहळू गावोगावची छपरं बदलली. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल कोकणी घर' म्हणतो, त्याचं छप्पर एका जर्मन माणसाच्या कारखान्यातून आलेलं!

आता त्या तीन खोल्या. पडवीच्या मागे विटा-सिमेंटच्या, वर पत्रे. दिसायला कुरूपच. आजोबांनी त्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने द्यायला बांधल्या. पण कारखाने धाटावलाच का आले? एक मोठं कारण म्हणजे पाणी.

कोकणातल्या नद्या पावसाळ्यात बेफाम आणि उन्हाळ्यात कोरड्या. कुंडलिका मात्र बारमाही वाहते, कारण तिच्यात घाटावरचं पाणी येतं. मुळा नदी मूळची पूर्वेला जाणारी. टाटांनी मुळशीला धरण बांधून तिचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला आणलं आणि १९२७ पासून तिथे वीज होऊ लागली. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत. त्या धरणाखाली मावळातली गावं गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि ते हरले. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली. पुढे तिने धाटावला वसाहत केली आणि याच नदीच्या काठी रसायनांचे कारखाने उभे राहिले.

हे कळल्यावर मला त्या खोल्या नुसत्या कुरूप वाटेनात. त्यांच्या भाड्यावर बाबा आणि काका शिकले. तिकडे कुणाची तरी घरं पाण्याखाली गेली, त्याच पाण्यावर आमच्या घराला तीन खोल्या जोडल्या गेल्या. आम्ही काही त्यांची घरं बुडवली नाहीत, पण फायदा घेतलाच ना?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमची अर्धी कौलं उडाली, खांब जागचे हलले नाहीत. स्लॅबचा आग्रह तेव्हापासून वाढला. काकांची भीती खोटी नाही. पंचाहत्तरीत रात्रभर पातेली लावत बसणं सोपं नसतं. पण मातीच्या भिंती कौलांचं ओझं पेलतात, स्लॅबचं नाही. आणि त्यांना सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते.

म्हणून माझा प्रस्ताव असा: पुढचा भाग कौलारूच ठेवायचा, कुजलेले वासे बदलायचे, भिंतींना चुन्याचा गिलावा. शेजारी काकांसाठी एक स्लॅबची खोली आणि संडास-बाथरूम, पण वेगळ्या पायावर, जुन्या भिंतीला न टेकवता. मागच्या तीन खोल्या राहतील. पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत, ते मात्र न फोडता उतरवून घ्यायचे.

आमच्या कोडमध्ये निदान कुणी काय का बदललं याची नोंद असते. घरात ती नसते, ती आपल्यालाच सांगत राहावी लागते.

काकांनी अजून हो म्हटलेलं नाही. परवा फोनवर फक्त एवढंच विचारलं, "त्या स्लॅबच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला काढणार आहेस?"