जोडणी : जुवापासून ट्रॉलीच्या पिनेपर्यंत



या पत्रकातून आपण नेहमी बियाणं, खतं आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. पिकवलेला माल शेतातून बाहेर निघतो कसा, आणि त्यासाठी गाडीला जी जोडणी लागते ती आली कुठून, याची ही हकीगत आहे. हकीगत जुनी असली तरी उद्या सकाळी ट्रॉली जोडताना तुमच्या कामी येईल. कारण जोडणी चुकली तर माल तर जातोच, पण माणूसही जातो.

दायमाबादची गाडी

आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाची जागा आहे. १९७४ साली तिथं जमिनीत चार कांस्य वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेली एक गाडी. गाडीची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दीड फूट. मागं एक माणूस उभा, पुढं लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला जू. ती नक्की किती जुनी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बहुतेकांचा कौल साधारण चार हजार वर्षांकडे जातो.

ती गाडी नीट पाहिली तर आपल्या गोठ्यापुढच्या बैलगाडीची ओळख पटते. ओढणारा पुढं, माल मागं, मधे दांडी, आणि जिथं दोघं जोडले जातात ती एक जागा. चार हजार वर्षांत बरंच काही बदललं, पण हा हिशेब बदलला नाही.

गाडीवानाचं शास्त्र

आपल्या वाडवडिलांनी या हिशेबाचं पक्कं शास्त्र बसवलं होतं. ते पुस्तकात नव्हतं, हातात होतं. जुवाच्या भोकात शिवळा, बैलाच्या मानेखालून जुपणी, आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून लोखंडी खीळ. चाकावर लोखंडी धाव चढवायची ती लोहार तापवून लाल करी, चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. धाव आकसली की लाकडाचं चाक आवळलं जाई.

मालाप्रमाणे गाडीचं रूपही बदलायचं. शेणखत न्यायचं तर साट्यावर बांबूचा तट्टा उभा करायचा, म्हणजे खत वाटेत सांडत नाही. कडबा न्यायचा तर चारी बाजूंना खुंटे रोवायचे, पेंढ्या आडव्या-उभ्या रचायच्या आणि वरून सोल टाकून लाकडानं पीळ देत आवळायचा. पोती असतील तर खालचा थर गच्च, वरचा आतल्या अंगाला. आज शहरात गाडीतला माल नीट लावायला निरनिराळे कप्पे, जाळ्या आणि पट्टे विकत मिळतात. आपल्याकडं ते काम तट्टा, खुंटा आणि सोल या तिघांनी केलं.

पण सगळ्यात मोठं शास्त्र होतं ते वजनाच्या तोलाचं. गाडी भरून झाली की जाणता गाडीवान बैल जुंपण्याआधी जू हातानं उचलून पाही. जू एका हातानं सहज वर आलं तर तो म्हणे, “गाडी उलाळ झालीय, दोन पोती पुढं घ्या.” जू हलेचना तर सारा भार बैलांच्या मानेवर येणार, म्हणून दोन पोती मागं. उलाळ गाडी चढाला लागली की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी मागं कलंडते. हे ज्यानं एकदा पाहिलं तो जन्मभर विसरत नाही. उतारावर थांबायचं झालं तर चाकाला दगडाची उटी लावल्याशिवाय तो जुवाला हात लावत नसे.

हे दोन शब्द, उलाळ आणि उटी, ध्यानात ठेवा. पुढं त्यांचंच काम आहे.

रबराचं चाक आलं

लोखंडी धावेची गाडी जड ओढायची आणि रस्त्याला चाकोऱ्या पाडायची. १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानं हवा भरलेलं रबरी चाक तयार केलं. ते आधी सायकलीला लागलं, मग मोटारीला. पुढं तेच चाक बैलगाडीलाही बसलं आणि आपल्याकडं त्या गाडीचं नावच ‘डनलॉप गाडी’ किंवा ‘टायरगाडी’ पडलं.

प्रवरेच्याच खोऱ्यात, लोणी इथं, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. दायमाबादची गाडी ज्या नदीच्या काठी पुरलेली होती, त्याच नदीच्या खोऱ्यात आता उसाच्या गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. पुढं राज्यभर कारखाने निघाले. बऱ्याच कारखान्यांनी ऊसतोड कुटुंबांना भाड्यानं टायरगाड्या दिल्या. चाक हलकं झालं, म्हणून गाडीवर माल जास्त चढू लागला. मान मात्र बैलाचीच राहिली.

ट्रॅक्टर का उलटत होता?

आता ट्रॅक्टरकडं वळू. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९१७ साली ‘फोर्डसन’ नावाचा स्वस्त ट्रॅक्टर मोठ्या संख्येनं काढायला सुरुवात केली. नांगर त्याच्या मागं साखळीनं किंवा दांडीनं जोडायचा, म्हणजे बैलाच्या जागी यंत्र, एवढाच फरक. पण एक घात होता. नांगर खडकाला किंवा मुळीला अडकला की मागची चाकं जागच्या जागी रुततात. इंजिनाचा जोर मात्र थांबत नाही. चाक फिरत नाही, म्हणून ट्रॅक्टरच आसाभोवती फिरू लागतो. पुढची चाकं उचलली जातात आणि यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतं. पुष्कळ चालक त्यात दगावले. बैलगाडी उलाळ होते तसाच हा ट्रॅक्टर उलाळ होत होता.

आयर्लंडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन यानं या दुखण्यावर औषध शोधलं. १८८४ सालचा त्याचा जन्म. पहिल्या महायुद्धात सरकारनं त्याला ट्रॅक्टरांची कामं सुधारण्याच्या कामाला लावलं, आणि तिथं हा दोष त्याच्या डोळ्यांत भरला. त्याचं म्हणणं साधं होतं : नांगर मागं ओढत नेऊ नका, तो ट्रॅक्टरचाच अवयव करा. त्यानं अवजार तीन ठिकाणी जोडलं. खालचे दोन दांडे ओढतात आणि वरचा एक दांडा पुढं रेटतो. नांगर अडकला तर वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरचं नाक खाली दाबलं जातं, वर उचललं जात नाही. त्याला तेलाच्या दाबावर चालणारी उचल जोडली. १९३६ साली अशा जोडणीचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ साली फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी केवळ हातात हात देऊन करार केला, आणि १९३९ साली दोघांचा मिळून ट्रॅक्टर निघाला. आज तुमच्या ट्रॅक्टरच्या मागं जे तीन दांडे दिसतात ते हेच.

याच काळात, १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत, ट्रॅक्टरची दातेरी लोखंडी चाकं जाऊन रबरी चाकं आली. त्यामुळं शेतात रांगणारं यंत्र रस्त्यावर धावू लागलं, आणि त्याच्या मागं ट्रॉली लागली.

आपल्या देशात १९५९ साली फरिदाबादला आयशर ट्रॅक्टर तयार झाला. १९६० नंतर मद्रास, मुंबई अशा ठिकाणी आणखी कारखाने निघाले. मग गावोगावच्या लोहार-सुतारांच्या शेजारी वेल्डिंगची दुकानं उघडली आणि तिथं ट्रॉल्या बनू लागल्या.

दक्षिण ध्रुवावरचा दोर

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एव्हरेस्ट सर करणारे एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसनच्या शेतीच्या ट्रॅक्टरांवर बसून, मागं मालाच्या घसरगाड्या ओढत. बर्फात खोल भेगा असत. म्हणून त्यांनी ट्रॅक्टर एकमेकांना दोरानं बांधले होते. एक भेगेत घसरला तर बाकीचे त्याला धरून ठेवणार. मुख्य जोडणी तुटली तर दुसरी हवीच, हा शहाणपणा त्या दोरात होता.

आता आपल्या ट्रॉलीकडं पाहा. एकच पिन, आणि तीही कित्येकदा पहारीचा तुकडा नाहीतर जुना बोल्ट. शिवळ मोडली तर बैल थांबतो. पिन मोडली तर ट्रॉली थांबत नाही. ओढ्याच्या उताराला सुटलेली भरली ट्रॉली कुणाच्या घरावर जाईल, कुणाच्या लेकरावर जाईल, याचा नेम नाही.

हकीगतीतून घ्यायचं ते

दोन चाकांची ट्रॉली म्हणजे मोठी बैलगाडीच. बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला, एवढंच. म्हणून जुनं शास्त्र टाकू नका, नव्याला जोडा.

१. तोल पाहा. मालाचं वजन आसाच्या किंचित पुढं असावं. मागं जास्त झालं तर ट्रॉली उलाळ होते, हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पुढं फार झालं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही.

२. ट्रॉली नेहमी खालच्या हुकाला किंवा खालच्या दांडीलाच जोडा. तीन दांड्यांतल्या वरच्या दांड्याच्या जागी साखळी किंवा ट्रॉली कधीच अडकवू नका. ती जागा आसाच्या वर आहे, तिथून ओढलं की ट्रॅक्टर मागं उलटतो. अडकलेलं वाहन ओढून काढताना ही चूक हमखास होते.

३. पिन भोकाच्या मापाची, सरळ आणि न झिजलेली असावी. खाली क्लिप किंवा कॉटर घातल्याशिवाय निघू नका. मापाची पिन घ्यायला चार पैसे जास्त लागले तरी द्या.

४. पिनेबरोबर जाड साखळी ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लावा. वळताना ताण येणार नाही इतकी सैल, आणि जमिनीवर घासणार नाही इतकी आखूड. हाच आपला ध्रुवावरचा दोर.

५. रस्त्याला लागण्याआधी ब्रेकचे दोन्ही पायटे एकत्र अडकवा. शेतात वळायला ते सुटे बरे, पण रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उताराला आधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून सोडू नका. थांबलात तर उटी लावा.

६. ऊस, कडबा आवळून बांधा. मागं, बाजूला लोंबू देऊ नका. ट्रॉलीच्या मागं लाल आणि बाजूला पिवळे परावर्तक लावा, आणि ते उसाच्या वाढ्यांनी झाकले जाऊ देऊ नका. रात्री बंद पडलेली, अंधारात उभी राहिलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला भिंतीसारखी लागते.

७. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आणि ट्रॉली मालासाठी आहे. लग्नाचं वऱ्हाड, जत्रेची माणसं तिच्यातून नेऊ नका.

मंडळी, आपल्या भाषेत कामाची जबाबदारी घेणाऱ्याला ‘धुरा वाहणारा’ म्हणतात. हा शब्द गाडीचाच आहे. ट्रॅक्टरच्या बैठकीवर जो बसतो त्याच्या मागं टनावारी माल असतो आणि पुढं रस्त्यानं जाणारी माणसं असतात. म्हणून घरातला पोरगा उद्या ट्रॉली घेऊन निघाला की त्याला एकच विचारा, “पिन पाहिलीस का? साखळी लावलीस का?” आजोबा जू उचलून पाहत होते, ते याचसाठी.

राम राम.