चवदार तळे आणि न्यूक्लिक आम्लाचा शोध

रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झालेला सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्ये आपल्या दप्तरी स्वीकारला खरा. परंतु त्याचा अंमल घडला तो 20 मार्च 1927 रोजी, डॉ. आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हाच, आणि त्यावर सवर्णांनी पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ करविली.

ज्या जन्मसिद्ध पावित्र्याचा हा अभिमान, त्या जन्मातून मनुष्यास नेमके काय लाभते, याचा शोध युरोपात कधीच आरंभला होता. 1869 मध्ये ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस वैद्याने, रुग्णालयाने टाकून दिलेल्या पुवाच्या पट्ट्या धुऊन, पेशींच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त ‘न्यूक्लीन’ विलग केले; 1889 मध्ये आल्टमान यांनी त्यास न्यूक्लिक आम्ल हे नाव दिले. महाडच्या सत्याग्रहानंतर वर्षभरातच, 1928 मध्ये, ग्रिफिथ यांना मृत जंतूंतील काही द्रव्य जिवंत जंतूंचा स्वभाव पालटते असे आढळले. ते द्रव्य डीएनए हे न्यूक्लिक आम्लच होय, हे एव्हरी, मॅक्लिओड व मॅकार्टी यांनी 1944 मध्ये दाखविले.

तत्पूर्वीच, 17 मार्च 1937 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्यावरील सवर्णांचा रूढीचा दावा फेटाळला होता. आनुवंशिकतेची तीच चार अक्षरे, म्हणजे डीएनएचे चार रासायनिक घटक, सर्व मानवांत आहेत, ही साक्ष रसायनशास्त्राने मागाहून दिली. पाण्याचा हक्क मात्र तिच्यावाचूनही स्वयंसिद्धच होता.