गळावरचा कर, नौकांचा घाट
- विशेष प्रतिनिधी

मासेमारीचा गळ विकत घेणाऱ्याच्या पैशातून तलावाकाठी नौका उतरवण्याचा घाट बांधायचा, अशी व्यवस्था अमेरिकेत अनेक दशकांपासून रूढ आहे. हौशी नौकाविहारासाठी सरकारने खर्च का करावा, या प्रश्नाला तिथल्या कायद्याने दिलेले उत्तर सरळ आहे. जो सुविधा वापरतो त्यानेच कर द्यावा आणि तो कर अन्यत्र वळवू नये.

घाटाची गरज
अमेरिकेतील बहुसंख्य हौशी नौका लहान असतात. त्या घराच्या आवारात ठेवल्या जातात आणि मोटारीमागे ट्रेलरला जोडून पाण्यापर्यंत नेल्या जातात. त्यासाठी काँक्रीटचा रॅम्प, चढण्या-उतरण्यासाठी छोटा धक्का आणि ट्रेलरसह मोटार उभी करण्याइतका वाहनतळ लागतो. रॅम्पचा उतार साधारणतः १२ ते १५ टक्के असावा, असा संकेत आहे. उतार कमी असल्यास मोटारीची चाके पाण्यात जातात, तर जास्त असल्यास ती घसरण्याची भीती असते. पृष्ठभागावर खाचा पाडतात त्या याच कारणाने.

निधीचा उगम
१९५० मध्ये प्रतिनिधी जॉन डिंगेल आणि सिनेटर एडविन जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत झाला. मासेमारीच्या साहित्यावरील १० टक्के उत्पादन शुल्क या कायद्याने मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवले. शिकारीच्या साहित्यावरील कराचा १९३७ चा कायदा हा त्याचा आदर्श होता. १९८४ च्या वॉलप-ब्रो दुरुस्तीने निधीची व्याप्ती वाढवली. मोटारबोटींच्या इंधनावरील कर आणि विहारनौकांवरील आयात शुल्क यांची त्यात भर पडली. त्याच वेळी नौका उतरवण्याच्या सुविधांसाठी राज्यांच्या वाट्यातील १० टक्के रक्कम राखीव झाली. पुढे हे प्रमाण वाढत जाऊन १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आले.

रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये लागू झालेला व्यवसाय कर महाराष्ट्राच्या वाचकांना ठाऊक आहे. विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर, हे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे. फरक इतकाच की, अमेरिकेत कर देणारा आणि लाभ घेणारा साधारणपणे एकच असतो.

वाटपाचे सूत्र
राज्याचा वाटा ठरवताना परवानाधारक मासेमारांच्या संख्येला ६० टक्के आणि क्षेत्रफळाला ४० टक्के महत्त्व दिले जाते. कोणत्याही राज्याला एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक मिळत नाही आणि १ टक्क्याहून कमीही मिळत नाही. मंजूर कामाचा खर्च राज्याने आधी करायचा आणि त्यातील ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्राकडून परत मिळवायची, अशी पद्धत आहे. उरलेला वाटा राज्याचा. मासेमारी परवान्यांचे शुल्क इतर खात्यांकडे वळवणारे राज्य या निधीस अपात्र ठरू शकते. करदात्याचा विश्वास टिकून राहिला तो मुख्यतः या अटीमुळे.

मोठ्या नौकांसाठी स्वतंत्र योजना आहे. २६ फूट वा त्याहून लांब असलेल्या, प्रवासात तात्पुरत्या थांबणाऱ्या नौकांच्या धक्क्यांना १९९८ च्या कायद्यान्वये अनुदान मिळते. नौकांतील मैला उपसून घेणाऱ्या केंद्रांची तरतूद त्याआधी १९९२ मध्येच झाली होती.

मतभेदाचे मुद्दे
काठावर बसून गळ टाकणारा कर भरतो, परंतु घाटाचा उपयोग त्याला क्वचितच होतो. याउलट वल्ह्याने कयाक चालवणाऱ्याला इंधन लागत नाही. अनेक राज्यांत त्याला नोंदणीही करावी लागत नाही, पण रॅम्प मात्र तो वापरतो. घाटांवर कयाकची गर्दी वाढते तसा हा असमतोल अधिक जाणवतो. अपंगांसाठीचा खर्चही आता टाळता येत नाही. २०१० च्या मानकांनुसार रॅम्पलगतच्या धक्क्यांपैकी किमान ५ टक्के, आणि कमीत कमी एक, त्यांना वापरता येण्याजोगा असलाच पाहिजे.

ही व्यवस्था कायमस्वरूपी नाही. निधीच्या वाटपाला काँग्रेसकडून वेळोवेळी मुदतवाढ घ्यावी लागते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ती २०२६ पर्यंत दिली. कर आणि काम यांचा थेट संबंध दिसत राहिला, तरच गळ घेणारा तो कर विनातक्रार देईल, हे या निधीचे मर्म आहे.