कुलेतिहासातील खंडित साधने व त्यांचा निर्देश

महाराष्ट्रातील कुलेतिहास ज्या कागदांवर उभारावा लागतो, त्यांपैकी फारच थोडे अखंड स्वरूपात हाती येतात. कसर, वाळवी व ओल यांमुळे कडा नष्ट झालेल्या असतात. मधला बंद गहाळ असतो. किंवा अस्सल पत्र नाहीसे होऊन केवळ तालीक उरलेली असते. असे कागद सर्वस्वी त्याज्य ठरविल्यास बहुसंख्य घराण्यांचा इतिहास लिहिणेच अशक्य होईल. उलटपक्षी, ते अखंड असल्याप्रमाणे उद्धृत केल्यास अनुमानालाच प्रमाणाची प्रतिष्ठा मिळते.

कालनिर्देशाचेच उदाहरण घ्यावे. शिवकालीन पत्रांत सुहूर सन अक्षरांनी लिहिलेला असतो. ‘समान सबैन व अलफ’ म्हणजे सुहूर १०७८, अर्थात् इ. स. १६७७-७८. यांतील पहिला शब्द फाटून गेला, तर १०७१ ते १०७९ यांपैकी कोणतेही वर्ष संभवते, म्हणजे इ. स. १६७० च्या मे महिन्यापासून १६७९ च्या मे महिन्यापर्यंतचा काल. १६७४ चा राज्याभिषेक याच अवधीत येतो. तेव्हा एखाद्या घराण्यास वतन राज्याभिषेकापूर्वी मिळाले की नंतर, याचा निर्णय त्या पत्रावरून देता येत नाही. अशा स्थितीत निश्चित वर्ष न छापता दोन्ही मर्यादा देणेच युक्त होय.

वंशावळीत हा धोका अधिक आहे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रूढीमुळे ‘बाबाजी बिन कृष्णाजी’ हा एकच उल्लेख एका घराण्यात दोन पिढ्यांनी पुन्हा येऊ शकतो. मधील कागद उपलब्ध नसता साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने आलेले असे दोन उल्लेख एकाच पुरुषाचे मानले, तर दोन पिढ्या लुप्त होतात.

कागद कोणत्या प्रसंगी निर्माण झाला, हेही पाहिले पाहिजे. करीना हा बहुधा वतनाच्या वादात एका पक्षाने मांडलेला वृत्तान्त असतो. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वये इनामांची चौकशी होऊ लागली, तेव्हाही हक्क शाबीत करण्यासाठी जुने कागद दाखवावे लागले. अशा कामी दाखल झालेली नक्कल उद्धृत करताना ती कोणी व कशासाठी सादर केली, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

सारांश, खंडित साधनाचा निर्देश करताना पुढील गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कागदाचे स्थान व रुमालाचा क्रमांक, अस्सल की तालीक, शिक्का व मोर्तब यांचा भावाभाव, आणि कोणता भाग नष्ट झाला आहे. संपादकाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात द्यावीत व अनुमान मूळ मजकुरापासून वेगळे ठेवावे. पुढे त्याच पत्राची दुसरी प्रत एखाद्या दप्तरात सापडल्यास पूर्वीचे वाचन पडताळून पाहणे यामुळेच शक्य होते.